चुरगळला म्हणजे कचरा?

एका बाजूला छापलेला, मागून कोरा असा कुठलाही कागद घ्या. आता त्याचा बोळा करा. एकदम घट्ट.

हा कुठे टाकाल?

बहुतेकांचा हात आपोआप कचऱ्याच्या डब्याकडे जातो. आणि गंमत बघा, दोन सेकंदांपूर्वी हाच कागद सरळ होता तेव्हा तो रद्दीच्या गठ्ठ्यात गेला असता, म्हणजे कागद तोच, वजन तेवढंच, बदललाय तो फक्त आकार.

रेमी ट्रुडेल आणि जेनिफर आर्गो या दोन संशोधकांनी २०१३ मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं. लोकांना कागद दिले, काहींना ते कात्रीने कापायला लावले, आणि मग जाताना कोण कुठल्या डब्यात टाकतंय ते बघितलं. अख्खे कागद रिसायकलिंगच्या डब्यात जास्त गेले, तुकडे मात्र कचऱ्यात. कॅनचंही तेच, चेपलेला असला की कचरा. वस्तूचा आकार बिघडला की ती बिनकामाची, आणि बिनकामाची म्हणजे कचरा, असा हिशोब मन क्षणात करून मोकळं होतं, आपल्याला कळतही नाही कधी केला ते.

मला हे फार लागतं, खरंच. कारण तो चेपलेला कॅन जरा जवळून बघा. जमिनीतून बॉक्साइट काढायचं, त्यातून ॲल्युमिनियम वेगळं करायचं, याला प्रचंड वीज लागते, आणि जुना कॅन वितळवून तोच धातू परत मिळवायला त्यातली साधारण ५ टक्केच ऊर्जा पुरते. भट्टीला पोचा कुठे दिसतो? तिथे सगळंच वितळतं. पोचा फक्त आपल्याला दिसतो.

बरं, मन जर आकाराला एवढं फसत असेल तर आकारच कामाला लावता येतो ना! शॉन डफी आणि मिशेल व्हर्जेस यांनी २००९ मध्ये डब्यांची झाकणं बदलून बघितली. कॅन-बाटल्यांच्या डब्याला गोल भोक, कागदाच्या डब्याला लांबट फट, बस एवढंच, भाषण नाही, दंड नाही. कॅन-बाटल्या जमा होण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढलं आणि त्यात पडणारा भलताच कचरा ९५ टक्क्यांनी घटला. म्हणून मला वाटतं की लोकांना पर्यावरणाची काळजीच नाही असं म्हणणं अर्धवट आहे, बरेचदा माणूस हातात बाटली घेऊन डब्यासमोर उभा असतो आणि डबा त्याला काहीच सांगत नसतो. अंतराचंही असंच आहे, डबा दाराजवळ आला की वापर वाढतो, तळघरात ठेवला की कमी होतो.

पण याची एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जेसी कॅटलिन आणि यिटाँग वांग यांच्या प्रयोगात, शेजारी रिसायकलिंगचा डबा आहे म्हटल्यावर लोकांनी कागद जास्त वापरला. एका वॉशरूममध्ये तसा डबा ठेवला तर हात पुसायचे कागदसुद्धा जास्त खपायला लागले. म्हणजे डबा दिसला की मनाला परवानगीच मिळते, वापर बिनधास्त, पुढे जाऊन त्याचं काहीतरी चांगलंच होणार आहे. आणि ते होतंच असं नाही हो. २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लॅस्टिक कचरा झाला त्यातला जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला. यात सगळा दोष आपल्या सवयींचा नाही, कित्येक प्रकारचं प्लॅस्टिक परत वापरात आणणंच अवघड आणि महाग पडतं, डब्यात टाकणाऱ्याने कितीही मनापासून टाकलं तरी.

तर आपला तो मघाचा बोळा. उलगडा तो. हाताने जरा सपाट करा. सुरकुत्या राहतीलच, पण मागची बाजू अजून कोरी आहे.

पेन घ्या, आधी ती बाजू भरू. रद्दीत टाकायचं नंतर बघू.