ही सही तुमचीच का?

नमस्कार, श्रोतेहो.

ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबलावर गावातलं दारूचं दुकान बंद करण्याच्या अर्जाची पानं पसरलेली होती. उत्पादन शुल्क खात्याचे साहेब एकेक नाव पुकारत होते. बाई पुढे आली की प्रश्न ठरलेला, "ही सही तुमचीच का?" दाराबाहेर दुकानदाराची माणसं मोटारसायकलींवर बसून होती. एका मावशींनी आपल्याच अंगठ्याच्या ठशाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझा नाही." आठवड्यापूर्वी त्यांच्याच ओट्यावर बसून मी तो ठसा घेतला होता. बोटाची शाई त्यांनी पदराच्या टोकाला पुसली होती.

मी त्यांना दोष दिला नाही. घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर आणि नवऱ्याची उधारीही तिथेच.

आपल्या महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून दारूबंदीची मागणी केली, की सह्यांच्या पडताळणीनंतर मतदान होतं. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. यादीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांचा कौल आडव्या बाटलीला मिळाला, तर दुकान बंद. पण मावशींसारख्या चार-पाच जणी फिरल्या, की गाव मतदानापर्यंत पोहोचतच नाही.

समन्स, म्हणजे हजर राहण्याचा सरकारी हुकूम, म्हटलं की गावात माणूस दचकतो. मला मात्र त्यात आधार दिसतो. स्वतःहून साक्षीला गेलेल्या बाईला उद्या पाणवठ्यावर विचारतात, "तुला काय पडलं होतं?" समन्स असलं तर ती सांगू शकते, "सरकारी कागद आला, जावंच लागलं." ज्या अधिकाऱ्याला कायद्याने समन्स काढता येतं, त्याचं समन्स मुद्दाम डावललं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ खाली एक महिन्यापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ही सक्ती दुबळ्या साक्षीदाराच्या पाठीशी उभी राहते, आणि दुकानाच्या बाजूने बोलायला तयार असणाऱ्यालाही प्रश्नांसमोर आणून बसवते.

आता खोट्या साक्षीचं. परवान्याच्या सुनावणीत एकाच छापाची प्रतिज्ञापत्रं येतात: शाळा लांब आहे, त्रास कुणालाच नाही. नाव तेवढं बदललेलं, वाक्यं तीच. लोकसेवकासमोर शपथेवर जाणूनबुजून खोटं सांगितलं, तर कलम २१६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. न्यायालयीन कामकाजात खोटा पुरावा दिला तर कलम २२९ प्रमाणे सात वर्षांपर्यंत. मग कुणाला शिक्षा झाल्याचं कानावर का येत नाही? कलम २१६ च्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेतं ती संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार केली तरच. गावातली बाई थेट जाऊ शकत नाही. ज्या साहेबांसमोर खोटं बोललं गेलं, त्यांनी लेखणी उचलली नाही की विषय तिथेच संपतो. कायदा आहे, पण तो एका टेबलावर अडकून पडतो, याचा मला राग येतो.

तुम्ही म्हणाल, मग पहिल्यांदा मावशीच अडकतील. हा प्रश्न मला कित्येक रात्री छळत राहिला. त्यांना धमकावणाऱ्यासाठी कलम २३२ आहे, खोटी साक्ष द्यायला धाक दाखवला तर सात वर्षांपर्यंत कैद. पण जबाब शपथेवर नसेल, तर ते कलम लावणं अवघड. म्हणजे शपथ न दिल्याने दारात बसलेले सुटतात आणि मावशी घाबरलेल्याच राहतात. म्हणून आधी दार बंद करा, समोर महिला अधिकारी बसवा, बाईला एकटीला आत घ्या, आणि मग शपथ द्या. तारीख चुकली, वय चुकलं, तर ती खोटी साक्ष होत नाही. खोटं आहे हे ठाऊक असून सांगितलं, तरच तो गुन्हा.

तुमच्या गावात सह्या गोळा होत असतील तर अर्जाच्या शेवटी चार ओळी जोडा. पडताळणी बंद खोलीत व्हावी, महिला अधिकारी असाव्यात, जबाब शपथेवर लिहून घ्यावेत, आणि खोटं उघड झाल्यास खात्याने लेखी तक्रार करावी. अर्ज आवक-जावक कारकुनाकडे द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत पडताळणीच्या दिवशी सोबत ठेवा.