वृद्धाश्रमातला एकाकीपणा: प्रश्नावली आणि ओवी

बंधुभगिनींनो,

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एकटे राहतात, काहींचे वृद्धाश्रमात आहेत. आणि फोनवर त्यांची विचारपूस करताना आपण रक्तदाब, साखर आणि गुडघे यांपलीकडे फारसे जात नाही. एकाकीपणाची विचारपूस कशी करावी, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

एकाकीपणा मोजता येतो. त्यासाठी रसेल, पेप्लाऊ आणि फर्ग्युसन या संशोधकांनी १९७८ मध्ये २० विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. पुढे २००४ मध्ये तिचे तीन प्रश्नांचे छोटे रूप आले: सोबतीची उणीव भासते का, आपल्याला वगळले जाते असे वाटते का, इतरांपासून तुटल्यासारखे वाटते का. भोवती माणसे असणे आणि सोबत असणे यांत ही मोजपट्टी गल्लत करत नाही. आठ खाटांच्या खोलीतली बाईही या मोजपट्टीच्या हिशेबी एकाकी ठरू शकते.

आमच्याकडची आजी मात्र या प्रश्नांना "बरं हाय की बाळा, काय तक्रार न्हाई" एवढेच उत्तर देते, कारण परक्यासमोर मुलांना कमीपणा येऊ नये, याची तिला काळजी असते. त्यातून सेविका कन्नडभाषक असली, तर जेवणखाण, औषधपाणी यांपुरते दोघींचे जमते, मनातले मात्र मनातच राहते.

तिथे ओवी उपयोगी पडते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या पुण्याच्या समाजअभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. सासुरवास, माहेरची ओढ, तोंडावर बोलता न येणारा राग, सारे त्यांत आहे. पंचमीला न्यायला येणाऱ्या भावाची ओवी म्हणताना एखादी आजी भावाच्या गावाच्या नावाशी थबकते, आणि मग तो केव्हा गेला, माहेरचे घर आता कोणाकडे आहे, हे न विचारता सांगू लागते. प्रश्नावलीतला आकडा कोणाच्या नसण्याने चढला आहे, ते तेव्हा कळते.

येथे उत्साहाला थोडा आवर हवा. इंग्लंडमधील पन्नाशीपुढच्या सहा हजारांहून अधिक लोकांचा १४ वर्षे मागोवा घेणाऱ्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नाटक, संगीत, संग्रहालये यांना नियमित जाणाऱ्यांचे मृत्युप्रमाण कमी आढळले. परंतु ते निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, त्यामुळे ओव्यांनी किंवा भजनाने आयुष्य वाढते असे मी म्हणणार नाही. शिवाय ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्याजोग्या १४ घटकांत ऐकू कमी येण्याचाही समावेश केला आहे. ज्याला ऐकूच येत नाही त्याला भजनात बसवणे म्हणजे चारचौघांत आणखी एकटे पाडणे होय. टाळ-मृदंगाची वर्गणी जमवण्याआधी कानातला मळ काढून घ्यावा आणि श्रवणयंत्राची बॅटरी पाहावी. (वर्गणी टाळांसाठी लवकर जमते, हेही मला ठाऊक आहे.)

आपल्या मंडळाला गावाकडच्या एखाद्या वृद्धाश्रमाला मदत करायची असेल, तर ओव्यांची बैठक सुरू होण्याआधी आणि तीन महिन्यांनी तेच तीन प्रश्न त्याच व्यक्तीने, आजीच्या बोलीत विचारावेत. बैठकीत न येणाऱ्यांनाही ते विचारावेत, म्हणजे तुलना करता येईल. ओवीतून निघालेले कोणते नाव सेविकेच्या वहीत लिहायचे आणि कोणते नाही, हे मात्र आजीला विचारूनच ठरवावे.