उसाच्या फडावरची चूल

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय भुकेबद्दल. पण ताट रिकामं झाल्यावरच्या भुकेबद्दल नाही, त्याच्या आधी पोटात जो गोळा येतो, त्याबद्दल. जागतिक अन्न आणि कृषी संघटना अन्नाची असुरक्षितता मोजताना माणसाला आठ प्रश्न विचारते. "उपाशी राहिलात का?" हा त्यातला अगदी शेवटाकडचा प्रश्न. पहिला प्रश्न असा: गेल्या वर्षात, पैशाअभावी खायला पुरणार नाही, अशी काळजी वाटली का?

हा प्रश्न मी एकदा उसाच्या फडावर विचारला होता. कराडच्या पुढं, कृष्णाकाठी. पौषाचे दिवस, आणि चार दिवस अवकाळी पाऊस लागलेला. बीडकडची ऊसतोड्यांची टोळी, त्यांच्या दहा-बारा कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, सगळीकडं चिखल. चहूबाजूंनी डोक्याएवढा ऊस. महाराष्ट्रात याहून हिरवा मुलूख दाखवा म्हटलं तर मला सांगता येणार नाही.

एका कोपीत तिशीची बाई चूल फुंकत होती. चुलीवर नुसता कोरा चहा. तिनं तो वाटीत ओतला, सकाळची अर्धी भाकर त्यात कुस्करली आणि दोन लेकरांपुढं ठेवली. थोरला चहा नको म्हणून उसाचं कांडं सोलत बसला होता.

मी विचारलं, "तुमचं जेवण?"

ती म्हणाली, "वाढे नाहीत, ताई. वाढे नाहीत तर पीठ कुठलं?"

मला कळेना. मग तिनं समजावून सांगितलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याची उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, दसऱ्यालाच घेतलेली, ती नणंदेच्या लग्नात आणि दवाखान्यात संपली. आता ऊस तोडायचा तो ती उचल फेडायला. हातात पडते ती मुकादमाची थोडी खर्ची. मग रोजचं मीठ-पीठ-तेल कशावर? तर उसाच्या शेंड्यावर, म्हणजे वाढ्यांवर. तोड झाली की वाढ्यांच्या पेंढ्या बांधायच्या, संध्याकाळी गावातले म्हशीवाले येऊन घेऊन जातात, आणि त्या पैशातून रात्रीचा किराणा. पाऊस पडला, फडात गाडी शिरेना. गाडी नाही म्हणून तोड नाही, तोड नाही म्हणून वाढे नाहीत. चौथ्या दिवशी पिठाचा डबा खडखडला.

"आणि रेशन?"

कार्ड गावाकडं सासूजवळ होतं. कार्डाचा नंबर मोबाईलमध्ये घेऊन ती इथल्या दुकानात गेलीही होती. यंत्रावर अंगठा उठेना. तिनं हात माझ्यापुढं धरला. उसाच्या पात्यांनी आणि कोयत्याच्या मुठीनं अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या होत्या. तीनदा अंगठा लावला, आणि ती परत आली. "मागं रांग होती, ताई. लाज वाटली."

मी माझा पहिला प्रश्न विचारला, काळजी वाटते का? ती म्हणाली, "काळजी कशाची? पोरं निजली की झालं." आणि उरलेला चहा तिनं नवऱ्यासाठी झाकून ठेवला. स्वतःला घेतला नाही. मी तिथं दीड तास होते. तिच्या पोटात काही गेलेलं मी पाहिलं नाही.

श्रोतेहो, मला रेशनवर ज्वारी-बाजरी हवी, हे मी आधीही बोलले आहे आणि पुन्हा बोलते. गव्हाच्या पोळीला तेलाचं बोट लागतं, भाकरीला पाणी पुरतं. कोरड्या मुलखातल्या माणसाला त्याचंच धान्य द्या.  असो.

मुद्दा हा, की पिकांचा जिल्हा आणि पोटांचा जिल्हा एक नसतो. मोखाडा-जव्हारला भूक येते आषाढात, कणगीतली नागली, म्हणजे नाचणी, संपते आणि लावणीचं कष्टाचं काम डोक्यावर असतं तेव्हा. मेळघाटात, धडगाव-अक्कलकुव्यात पावसाळ्यात वाटाच तुटतात. शहरात भाड्याच्या खोलीतल्या माणसाकडं पत्त्याचा कागद नसतो, म्हणून रेशनकार्ड अडतं. ऊसतोड्याची भूक साखरेच्या हंगामात येते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. पण हा आकडा सगळ्या राज्याचा मिळून. फडावर तो कसा दिसतो, हे त्यावरून कळत नाही.

आता नीट ऐका. अन्नसुरक्षा कायदा 2013चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो, अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब, कुटुंबाला मिळून 35 किलो. कार्ड गावाकडं असलं तरी धान्य देशात कुठल्याही रेशन दुकानात घेता येतं. पुन्हा सांगते, कुठल्याही. आणि सगळं एकाच ठिकाणी उचलायची सक्ती नाही: थोडं सासूनं तिकडं, थोडं सुनेनं इकडं. एकाचा अंगठा उठला नाही तर कार्डावरच्या दुसऱ्या माणसाचा लावून बघता येतो. दुकानदारानं परत पाठवलं तर तक्रारीचा नंबर 1967. एक, नऊ, सहा, सात.

तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल तर त्या बाईसोबत एकदा दुकानापर्यंत जा. रांगेत तिच्या शेजारी उभ्या राहा. लहान लेकरं असतील तर अंगणवाडीत सेविकेला सांगून या.

आणि संध्याकाळी वाढे आणायला जाल तेव्हा भाव पाडू नका. रात्रीचं पीठ त्याच पैशातून येतं.

नमस्कार.