साताऱ्यातलं योसेफाचं कीर्तन

(दृश्य : पहाटेचा अजिंक्यतारा. मोती चौक.)

मोती चौकातल्या दुकानांची शटर अजून खाली आहेत. कंदी पेढ्यांच्या पाट्या तेवढ्या दिसताहेत. इथून थोड्या अंतरावर, एका घराच्या मागच्या पडवीत, पखवाज वाजवणारे काका परातीत कणीक मळताहेत. पोळ्या करायच्या नाहीत.

(जवळून : पखवाजाचं डावं तोंड.)

ही कणीक पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची. किती, ते कुठं लिहिलेलं नाही. गोळा ठेवायचा, बोटांनी पसरायचा, थाप मारायची, ऐकायचं. आवाज पोकळ आला की चिमूटभर आणखी. बसका आला की नखानं खरवडायची. उजव्या तोंडाला शाई असते, तिथं काम हातोडीचं. कातडी पट्ट्यांखाली अडकवलेले लाकडी गट्टे ठोकून खाली-वर सरकवायचे आणि पेटीच्या सुराशी जुळवायचं. काकांची घाई नाही. कार्यक्रम संपला की कणीक खरवडून टाकायची, पुढच्या वेळी पुन्हा नवी मळायची.

संध्याकाळी इथं कीर्तन आहे. नमन, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं नारदीय थाटाचं. दोन रंगांच्या मध्ये एरवी बुक्का लावतात, त्या जागी इथं प्रार्थना होते. आणि आख्यान आहे बायबलातल्या योसेफाचं.

(दृश्य : चिपळ्या. जुन्या गायनपुस्तकाची पानं.)

ख्रिस्ती कीर्तन ही काही आजची टूम नाही. अहमदनगरच्या मिशनमध्ये ते एकोणिसाव्या शतकातच उभं राहिलं. साताऱ्याशी त्याचा धागा जोडला तो कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घरच फुटलं. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या. नवरा जिवंत असून ताटातूट, त्यात सोवळं-ओवळं आणि लोकांची बोलणी. काही वर्षांनी त्या परत आल्या. पुढं १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ते साताऱ्याला आले. इथली छत्रपतींची गादी इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केली होती. त्या गावात या माणसानं ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथं जागा होती. मे १९१९ मध्ये टिळक गेले, आणि दरबार फार काळ टिकला नाही.

टिळकांचे अभंग मात्र राहिले. आज कीर्तनकार बाई तेच घोळवताहेत.

(दृश्य : कीर्तन. कंदिलासारखा पिवळा बल्ब, सतरंजी, मागं बसलेल्या बायका.)

बाई गोष्ट सांगतात तशी ऐका. सतरा वर्षांचा योसेफ, बापाचा लाडका, अंगात खास झगा. भाऊ दोथानजवळ मेंढरं राखताहेत. तो लांबून येताना दिसतो, तेव्हाच त्यांचं ठरतं. झगा ओरबाडतात आणि त्याला विहिरीत टाकतात. विहीर कोरडी. ‘आणि मग भाऊ काय करतात?’ बाई चिपळ्या थांबवतात. ‘जेवायला बसतात!’ मागच्या एक आजी ‘अगं बाई’ म्हणतात. तेवढ्यात इश्माएली व्यापाऱ्यांचे उंट येतात, मिसरला, म्हणजे इजिप्तला निघालेले. भाव ठरतो चांदीची वीस नाणी. झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाकडं जातो.

पुढं पोटीफरचं घर, खोटा आळ, तुरुंग. मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहतो तेव्हा योसेफ तीस वर्षांचा आहे. म्हणजे तेरा वर्षं गेली. मग सात वर्षं सुकाळ, त्यात योसेफानं साठवलेलं धान्य, त्यामागून सात वर्षांचा दुष्काळ. आणि धान्य मागायला त्याच्या दारात उभे कोण? तेच भाऊ.

कीर्तनाचा कणा इथं आहे. तुम्ही माझं वाईट योजलं होतं, देवानं त्यातून चांगलं योजलं, असं योसेफ भावांना म्हणतो. हे वाक्य फार लवकर तोंडावर येतं, आणि ज्याच्यावर बेतलंय त्याला ते झोंबतं. म्हणून बाई आधी दुसरी बाजू लावून धरतात. भावांनी केलं ते पापच. देवानं त्याचं सोनं केलं म्हणून भाऊ सुटत नाहीत. योसेफही डोळे पुसून लगेच गळ्यात पडत नाही. तो त्यांना ओळख देत नाही, त्यांची परीक्षा घेतो आणि बाजूला जाऊन रडतो. देव राजासनावर आहे असं म्हणणारा माणूस रडतो, यात बाईंना काही विसंगत वाटत नाही. आम्हालाही नाही.

(दृश्य : डोंगराच्या पायथ्याचं गाव, लांबून.)

ऐकणाऱ्यांत या गावची दोन घरं आहेत. रविवारची घरातली प्रार्थना बंद करा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या दिवसाचं चित्रीकरण नाही, करण्यासारखंही नव्हतं. श्रद्धा बाळगण्याचा आणि आचरण्याचा हक्क संविधानाच्या पंचविसाव्या कलमात आहे, हे त्यांना ठाऊक आहे. गावात राहायचं तर पाण्याच्या नळावर रोज तीच माणसं भेटणार, हेही ठाऊक आहे. आता ते प्रार्थनेला साताऱ्याला येतात.

(दृश्य : बाई, कीर्तनानंतर, चहाचा कप हातात.)

आम्ही बाईंना विचारलं, या लोकांना तुम्ही काय सांगता? त्यांनी योसेफाचा तुरुंग काढला. तिथं कैदेत असलेल्या प्यालेबरदाराचं, म्हणजे फारोला पेला देणाऱ्या सेवकाचं, स्वप्न योसेफानं उलगडलं. सुटल्यावर माझी आठवण ठेव, एवढंच मागितलं. प्यालेबरदार सुटला आणि विसरला. पुढची दोन वर्षं बायबलात एका ओळीत उरकली आहेत. देव काही बोलत नाही, स्वप्न नाही, काही नाही.

‘तिथंच मी वीस मिनिटं घेते,’ बाई म्हणाल्या. ‘लोकांना राजवाडा ऐकायचा असतो. पण माझे निम्मे श्रोते त्या दोन वर्षांतच बसलेत की हो.’

पुढचं कीर्तन कोरेगाव तालुक्यात आहे. ती वीस मिनिटं थोडी आवरा, शेवटची एसटी चुकते लोकांची, असं काकांचं म्हणणं आहे. बाई म्हणतात, कीर्तन अर्धा तास आधी सुरू करा.