दुसऱ्याच्या अंगावर टाकलेला वेग

श्रोतेहो,

वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मोटारींसाठी ताशी ८० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे, अटल सेतूवर ती १०० आहे, आणि दोन्हीकडे कॅमेरे आहेत हे इथे बसलेल्या प्रत्येक वाहनचालकाला ठाऊक आहे. कॅमेरा वेग मोजतो आणि गाडीचा क्रमांक टिपतो. क्रमांकावरून मालक सापडतो, चालक मात्र सापडत नाही. म्हणून कायद्याला मालकाकडे वळून विचारावे लागते की त्या वेळी गाडी कोण चालवत होते. आज मला या एका प्रश्नाविषयी आणि त्याला दिल्या जाणाऱ्या खोट्या उत्तराविषयी बोलायचे आहे.

मुंबईत हा प्रश्न अजून फारसा कानावर येत नाही, कारण ई-चलान मालकाच्या मोबाइलवर येते, मालक पैसे भरतो किंवा लोकअदालतीची वाट पाहतो आणि विषय तिथेच संपतो. पण मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातील कलम १३३ आजही लागू आहे. अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती देणे हे त्या कलमाने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. जी माहिती त्याच्यापाशी आहे तीच नव्हे, तर वाजवी प्रयत्न करून जी त्याला मिळवता येईल तीही. कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाच्या अतिवेगाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे, आणि तोच गुन्हा पुन्हा घडला तर चालकाचा परवाना जप्त करण्याची तरतूद आहे. जोपर्यंत प्रश्न पैशांचा असतो तोपर्यंत चलान कोणाच्या नावावर आहे याची फिकीर कोणी करत नाही. परवाना जाण्याची वेळ आली की लोक दुसरे नाव शोधू लागतात.

जिथे प्रत्येक गुन्ह्यागणिक परवान्यावर दंडाचे गुण चढतात, तिथे हे फार पूर्वीच दिसून आले आहे. ब्रिटनमध्ये अतिवेगासाठी किमान तीन गुण चढतात आणि तीन वर्षांत बारा गुण झाले की सर्वसाधारणपणे निदान सहा महिने गाडी चालवता येत नाही. मार्च २००३ मध्ये ख्रिस ह्यून हे युरोपीय संसदेचे सदस्य लंडनकडे येत असताना एसेक्समधील महामार्गावर कॅमेऱ्यात सापडले. त्यांच्या परवान्यावर आधीच नऊ गुण होते. गाडी पत्नी चालवत होती असे कळवण्यात आले आणि तीन गुण अर्थतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी व्हिकी प्राइस यांच्या परवान्यावर गेले. पुढे ह्यून मंत्री झाले, विवाह मोडला, २०११ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून बाहेर आली आणि २०१२ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. मार्च २०१३ मध्ये न्यायदानात अडथळा आणल्याबद्दल दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांची शिक्षा झाली. आपण पतीच्या दबावाखाली सही केली, हा प्राइस यांचा बचाव ज्युरीने मान्य केला नाही. माझ्या दृष्टीने या खटल्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, की जिने नाव उसने दिले तिला नाव उसने घेणाऱ्याइतकीच शिक्षा झाली.

ऑस्ट्रेलियातले प्रकरण तर अधिक क्लेशदायक आहे. मार्कस आइनफेल्ड हे संघीय न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि मानवाधिकार आयोगाचे पहिले अध्यक्ष. जानेवारी २००६ मध्ये सिडनीत त्यांची गाडी मर्यादेपेक्षा ताशी १० किलोमीटर जास्त वेगाने गेली. दंड होता ७७ डॉलर. त्यांनी न्यायालयात शपथेवर सांगितले की गाडी अमेरिकेतील एका ओळखीच्या प्राध्यापिकेकडे होती. त्या बाई २००३ मध्येच वारल्या होत्या, हे एका वार्ताहराने शोधून काढले. मग पहिले असत्य सावरण्यासाठी दुसरे आले, दुसऱ्यासाठी तिसरे, आणि मार्च २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांची कैद झाली. ज्याने आयुष्यभर साक्षीदारांना शपथ घेताना पाहिले, त्याला शपथेची किंमत कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही मोह झाला, कारण गुन्हा क्षुल्लक वाटत होता. ब्रिटिश खासदार फियोना ओनासान्या यांच्या बाबतीतही तसेच झाले. २०१७ मधील अतिवेगाच्या फॉर्मवर ज्या माजी भाडेकरूचे नाव लिहिले गेले, तो त्या वेळी रशियात होता. त्यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि २०१९ मध्ये मतदारांच्या याचिकेने त्यांची खासदारकी गेली.

आता आपल्याकडे येऊ या, कारण मला खरी काळजी इथलीच आहे. तिकडच्या या प्रकरणांत नाव पुढे केले गेले ते पत्नीचे, परगावच्या माणसाचे, मृत व्यक्तीचे. मुंबईत सर्वांत सहज पुढे येणारे नाव पगारी ड्रायव्हरचे आहे. गावाकडून आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा, महिन्याच्या पगारावर घर चालवणारा हा माणूस. त्याला कोणी धमकी देत नाही. ‘तुझ्या नावावर टाकतो, दंड आम्हीच भरू’ एवढेच म्हटले जाते, आणि नोकरी टिकवायची असल्याने तो मान डोलावतो. दंड मालक भरतो हे खरे, पण परवान्यावरची नोंद ड्रायव्हरची होते. साहेबांचा परवाना गेला तर साहेब टॅक्सी करतील. ड्रायव्हरचा परवाना गेला तर त्याच्या घरातली चूल थांबेल. म्हणून हा निव्वळ कागदावरचा फेरफार आहे असे म्हणणे मला मान्य नाही. दुबळ्याकडून त्याच्या उपजीविकेचे साधन आपल्या सोयीसाठी काढून घेण्याचा हा प्रकार आहे.

शिवाय ही सवय चलानापाशी थांबत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर, गाडी आपणच चालवत होतो असे सांगण्यासाठी कुटुंबाच्या ड्रायव्हरवर दबाव आणला गेला आणि त्याला डांबून ठेवले गेले, असा आरोप पोलिसांनी ठेवला. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने कोण दोषी यावर मी काही बोलणार नाही. मात्र असा आरोप ऐकून महाराष्ट्रात फारसे कोणाला नवल वाटले नाही, याचे मला अतिशय दुःख आहे.

घरातल्या घरातही हे घडते. मुलगा अठरा वर्षांखालील असतो आणि चलान आले की वडील म्हणतात, मीच चालवत होतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि बारा महिने वाहनाची नोंदणी रद्द, अशी ती तरतूद आहे. ती कडक आहे आणि म्हणूनच खोटे बोलण्याचा मोहही मोठा आहे. पण त्या मुलाला गाडीच्या चाव्या उद्याही मिळणार असतात, हे वडिलांनी विसरू नये.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही; मग ‘मी चालवत होतो’ हे मालकाने का सांगावे? ब्रिटनमधला हाच वाद स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला आणि २००७ मध्ये न्यायालयाने सांगितले की जो वाहन बाळगतो तो त्याबरोबर येणारे नियमही पत्करतो, आणि अशी मर्यादित माहिती मागणे न्याय्य सुनावणीच्या विरुद्ध नाही. आपल्याकडे कोणी हा मुद्दा न्यायालयात मांडू इच्छित असेल तर तो सन्माननीय मार्ग आहे. परंतु गप्प राहण्याचा हक्क हा दुसऱ्याचे नाव सांगण्याचा हक्क कधीच होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ प्रमाणे, दुसऱ्याला त्रास व्हावा अशा रीतीने लोकसेवकाला आपला अधिकार वापरायला लावणारी खोटी माहिती देणे हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि न्यायालयीन कार्यवाहीत खोटा पुरावा दिल्यास कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जे प्रकरण २,००० रुपयांत मिटले असते, ते अशा रीतीने आपण स्वतःच्या हाताने तुरुंगाच्या दारापर्यंत नेतो.

वेगाचा गुन्हा मुळात एवढा गंभीर का मानायचा, असेही मला विचारले जाते. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी संबंधित होते. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० ऐवजी ६० च्या वेगाने जाणारी गाडी ४४ टक्के अधिक ऊर्जा घेऊन माणसावर आदळते. कोण चालवत होते या प्रश्नामागे हा हिशेब आहे. वारंवार वेगाने जाणारा चालक शोधून त्याला काही काळ रस्त्यापासून दूर ठेवणे हा कायद्याचा हेतू आहे, आणि खोटे नाव त्या चालकाला रस्त्यावरच ठेवते.

काही साध्या व्यवस्था आजच करता येतील. ज्या घरात किंवा कंपनीत एक गाडी अनेक जण चालवतात, तिथे वहीत तारीख, वेळ, चालकाचे नाव आणि सही अशी नोंद ठेवावी. कोण चालवत होते हे खरोखर आठवत नाही, ही अडचण मग उरत नाही. आपल्या नावावर चलान टाकले जात आहे असे दिसले तर ड्रायव्हरने कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये, आणि त्या दिवशी आपण कामावर होतो की सुट्टीवर याचा पुरावा जपून ठेवावा. आणखी एक गोष्ट ड्रायव्हरांना कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो: आपल्या नोकराला वेगमर्यादा ओलांडायला लावणारा मालकही कलम १८३ प्रमाणे शिक्षेस पात्र आहे. मागच्या सीटवरून ‘जरा दाब, विमान चुकेल’ असे सांगितले गेले असेल, तर तेही त्याच वहीत, त्याच दिवशी, वेळेसह लिहावे. आणि ती वही किंवा निदान तिचा फोटो ड्रायव्हरच्या स्वतःच्या ताब्यात असावा.