औषधाची किंमत आणि सरकारची नजर

श्रोतेहो, नमस्कार. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, औषधांच्या किमतींवर सरकार लक्ष कसे ठेवते आणि ते ठेवण्यात कोठे उणे पडले, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या या सेवेत आज वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधल्या रुग्णाला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधासाठी काहीही मोजावे लागत नाही. इंग्लंडमध्ये ज्यांना पैसे द्यावे लागतात, त्यांनाही औषध स्वस्त असो वा महाग, ठरावीकच शुल्क पडते. ही व्यवस्था अशीच राहायला हवी, असे मला मनापासून वाटते. मात्र तिच्यामुळे औषधाची खरी किंमत रुग्णाच्या नजरेआड राहते. ती वीसपट झाली तरी औषध घ्यायला आलेल्या माणसाला त्याची झळ बसत नाही, आणि ज्याला झळ बसत नाही तो तक्रारही करत नाही. म्हणून तेथे भावावर पहारा ठेवण्याचे काम सरकारवाचून दुसरे कोणी करू शकत नाही.

१९५७ पासून तेथे सरकार आणि औषध कंपन्या यांच्यात किमतींविषयी स्वेच्छेने करार होत आले आहेत. हे करार ब्रँडच्या नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांपुरते असत. पेटंट संपलेली जेनेरिक औषधे त्यांच्याबाहेर ठेवली गेली, कारण उत्पादक अनेक झाले की आपसातल्या चढाओढीनेच भाव उतरतात, असा भरवसा होता. बहुतेक औषधांच्या बाबतीत तो खराही ठरला. पण ज्या जुन्या औषधाचा उत्पादक प्रत्यक्षात एकच उरतो, त्याचे काय, हा प्रश्न फार काळ अनुत्तरित राहिला.

फेनिटॉइनचे उदाहरण पाहू. अपस्मारावरचे हे औषध १९३८ पासून वापरात आहे. रक्तातले त्याचे प्रमाण थोडे घटले तर पुन्हा झटके येऊ शकतात आणि थोडे वाढले तर विषारी परिणाम दिसू लागतात. त्यामुळे एका उत्पादकाच्या कॅप्सूलवर स्थिरावलेल्या रुग्णाने दुसऱ्या उत्पादकाच्या औषधाकडे वळू नये, असा सल्ला दिला जातो. सप्टेंबर २०१२ मध्ये फायझर कंपनीने आपल्या एपान्युटिन या ब्रँडचे हक्क फ्लिन फार्मा या कंपनीला विकले. फ्लिनने ब्रँडचे नाव काढून टाकले आणि तेच औषध जेनेरिक म्हणून बाजारात आणले. कॅप्सूल पूर्वीचीच होती आणि ती बनवून पुरवणारी कंपनीही फायझरच होती, पण १०० मिलिग्रॅमच्या पाकिटाची किंमत २ पौंड ८३ पेन्सवरून ६७ पौंड ५० पेन्सवर गेली. आरोग्य सेवेचा या कॅप्सूलवरचा वार्षिक खर्च सुमारे २० लाख पौंडांवरून २०१३ मध्ये सुमारे ५ कोटी पौंडांवर पोहोचला. हायड्रोकॉर्टिसोन तर ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, त्यांना जगण्यासाठी रोज लागते. त्याच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्यांचे पाकीट २००८ मध्ये ७० पेन्सना मिळत असे, ते २०१६ पर्यंत ८८ पौंडांवर गेले.

सरकारने हे का थांबवले नाही, असे आपण विचाराल. २००६ च्या कायद्याने मंत्र्यांना किमती मर्यादित करण्याचा अधिकार दिला होता, परंतु स्वेच्छा करारात सामील असलेल्या कंपनीवर तो चालत नसे. एखाद्या कंपनीचे एखादे ब्रँडेड औषध करारात असले, की तिच्या जेनेरिक औषधांनाही आपोआप संरक्षण मिळे. ही पळवाट २७ एप्रिल २०१७ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने बंद केली.

त्याच कायद्याने उत्पादन, पुरवठा आणि नफा यांची माहिती मागण्याचा सरकारचा अधिकारही वाढवला, आणि माझ्या मते त्याचे महत्त्व भाव बांधून देण्याच्या अधिकाराहून अधिक आहे. जुन्या किमतीत फेनिटॉइन तोट्यात जात होते, असे फायझरचे म्हणणे होते. असे म्हणणे सरकारने ऐकून घेतलेच पाहिजे, कारण भाव अवाजवी खाली दाबला तर उत्पादक माघार घेतात आणि औषधच मिळेनासे होते. पण तोटा किती, आणि तो भरून काढायला किती वाढ पुरे, हे हिशेब पुढ्यात असल्याशिवाय ठरवता येत नाही.

फेनिटॉइनच्या प्रकरणात हा हिशेब न्यायासनापुढे मांडण्यातच वर्षे गेली. तेथील स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये फायझरला ८ कोटी ४२ लाख आणि फ्लिनला ५२ लाख पौंडांचा दंड केला. अपिलात २०१८ मध्ये तो निर्णय टिकला नाही, तेव्हा प्राधिकरणाने फेरतपास करून २०२२ मध्ये नवा निर्णय दिला. अपील न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये त्याच्याही कारणमीमांसेत दोष काढले, मात्र दोन्ही कंपन्यांनी बाजारातल्या आपल्या स्थानाचा गैरवापर केला, असा निष्कर्ष स्वतः नोंदवून दंड केला. भाववाढीला तोवर बारा वर्षे झाली होती. शिवाय असा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. आरोग्य सेवेला आपले जादा गेलेले पैसे परत हवे असतील, तर त्यासाठी तिला नुकसानभरपाईचा वेगळा दावा करावा लागतो.