बोट कुठे टेकतं? एसआय सांध्याच्या ऑपरेशनविषयी

कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाला मी आधी एमआरआय मागत नाही. ‘एका बोटानं दाखवा,’ म्हणतो. बहुतेक जण अख्खा तळवा कंबरेवर फिरवतात. काहींचं बोट मात्र कंबरेखाली जी खळी पडते, तिच्या जरा खाली टेकतं. पुन्हा विचारलं तरी तिथंच. मग मला सॅक्रोइलियाक, म्हणजे एसआय सांध्याची शंका येते.

माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी आणि कटीचं रुंद हाड यांच्यामधला हा सांधा. सांधा म्हणायचा, पण हलतो किती? २ ते ४ अंश, फार तर. तरी जुनाट कंबरदुखीच्या १५ ते ३० टक्के रुग्णांत दुखण्याचं मूळ इथं असतं. बाळंतपणानंतर, जोरात आपटल्यावर, किंवा खालचे मणके आधीच जोडलेले असतील तर जास्त. वरची हालचाल थांबली की ताण खाली उतरतो.

शंभर वर्षांपूर्वी हा सांधा चांगलाच चर्चेत होता. अमेरिकेतले सर्जन स्मिथ-पीटरसन यांनी १९२१मध्ये तो जखडण्याची, म्हणजे दोन्ही हाडं जोडून हालचाल थांबवण्याची, नवी वाट मांडली. १९३४मध्ये मिक्स्टर आणि बार या सर्जननी मणक्यांमधली सरकलेली चकती नस दाबते हे दाखवलं आणि सगळे चकतीच्या मागे लागले. आम्ही सर्जन मंडळीही फॅशनच्या बाहेर नसतो!

आता हा सांधा जखडण्याचं ऑपरेशन. व्यायाम, गोळ्या, सांध्यात इंजेक्शन, रेडिओफ्रीक्वेन्सीनं बारीक नसा जाळणं (त्या पुन्हा वाढतात) हे सगळं करून सहा महिने गेले तरच हा विषय काढायचा. रुग्णाला पालथं झोपवून नितंबाच्या बाजूला छोटी चीर घेतात. एक्स-रेच्या पडद्यावर बघत आधी तार, मग तिच्यावरून टायटॅनियमच्या खुंट्या ठोकतात, सहसा तीन. त्या त्रिकोणी असतात, कारण गोल स्क्रू भोकात फिरू शकतो. पृष्ठभाग खरखरीत, म्हणजे हाड त्याला धरून वाढतं. खुंटी जरा चुकली तर पायाकडे जाणाऱ्या नसेला लागते, हा मुख्य धोका. मागच्या बाजूनं सांध्यात हाडाची पाचर बसवण्याचीही पद्धत आहे. तिचा पुरावा मला अजून तोकडा वाटतो. मोठी चीर घेऊन करायचं ऑपरेशन आता जंतुसंसर्ग, गाठ किंवा फसलेल्या केसपुरतं उरलंय.

गुण येतो का? औषधं आणि फिजिओशी तुलना केली तेव्हा खुंट्या सरस ठरल्या. पण तिथं आपलं ऑपरेशन झालंय हे रुग्णाला माहीत होतं. नॉर्वे-स्वीडनमध्ये ६३ जणांवर खरं किंवा लुटुपुटूचं ऑपरेशन झालं, कुणाचं कुठलं ते रुग्णांना सांगितलं नाही. २०२४मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनंतरच्या दुखण्यात दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. मी त्यानंतर ऑपरेशन सोडलं नाही, पण निदानाबाबत जास्त हट्टी झालो.

म्हणून एक्स-रेखाली सांध्यात भुलीचं औषध देतो आणि सांगतो, जिने चढा, कुशीवर वळा, जे केल्यानं दुखतं तेच करा आणि दर तासाला दुखण्याचा आकडा लिहा, शून्य ते दहा. दुखणं निम्म्याहून बरंच खाली आलं तरच पुढे. एक बाई ऑपरेशनची तारीख मनात धरूनच आल्या होत्या. त्यांच्या कागदावर आधी ८, तासाभरानं ७, मग पुन्हा ८. मी त्यांचा खुबा फिरवून पाहिला, तर त्या कळवळल्या. मोजे घालायला वाकवत नाही, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.